ॲलर्जी आणि दमा असेल तर या बिघडलेल्या हवेत कसं निभवायचं

पूर्वी ॲलर्जीवाल्या माणसाला आपला सीझन पाठ असायचा. अमुक महिन्यात शिंका चालू होणार, तमुक महिन्यात थांबणार, तेवढे दिवस गोळ्या घ्यायच्या आणि बाकी वर्ष मोकळं. आता तसं राहिलेलं नाही. सीझन लवकर चालू होतो, उशिरा संपतो, मधेच धुराचे काही दिवस येतात, मग अवेळी पाऊस, मग भिंतींना ओल, मग बुरशी, आणि माणसाला कळतच नाही की या वेळी नेमकं कशाने धरलंय. म्हणून या लेखात मी मुख्यतः एकच सांगणार आहे, की कॅलेंडर बघून औषध घ्यायची सवय सोडा आणि रोजची हवा बघून दिवस कसा आखायचा ते शिका. औषधाचा डोस अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचा, पण डॉक्टरांना नीट ठरवता यावा यासाठी जी माहिती लागते ती फक्त तुमच्याकडेच असते, आणि बहुतेक लोक ती न घेताच जातात.

आधी हे का होतंय ते थोडक्यात

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन वाढतात हे शाळेत शिकलोय. कारखाने यायच्या आधी तो हवेत साधारण 280 पीपीएम (दहा लाख भागांत 280) होता, आता 420 च्या वर गेलाय. रॅगवीड नावाचं एक तण आहे, परागांच्या ॲलर्जीसाठी बदनाम, ते जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून बघितलं तर पराग भरपूर जास्त देतं. त्यात थंडी लवकर सरते आणि उन्हाळा लांबतो, मग फुलायला दिवसही जास्त मिळतात. उत्तर अमेरिकेतल्या 60 केंद्रांवरच्या 1990 ते 2018 च्या नोंदी तपासल्या तेव्हा परागांचा सीझन जवळपास 20 दिवस आधी चालू होत असलेला, एकूण लांबलेला आणि हवेतले पराग 21 टक्क्यांनी वाढलेले दिसले. म्हणजे "मला यंदा जास्तच त्रास होतोय" हे तुमच्या मनाचे खेळ असतीलच असं नाही.

दुसरी बाजू प्रदूषणाची. डिझेलचा धूर, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड हे सगळे श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज आणतात, आणि सुजलेल्या अस्तरावर पराग येऊन पडले की खरचटलेल्या जागेवर मीठ चोळल्यासारखं होतं. एरवी ज्या परागांनी दोन शिंका आल्या असत्या त्यांनीच मग छाती भरते. डिझेलच्या काजळीचे कण तर याहून पुढे जातात, ते शरीराला ॲलर्जीच्या अँटिबॉडी जास्त बनवायला चिथावतात. त्यामुळे पराग वेगळे आणि धूर वेगळा असा हिशोब करून चालत नाही, दोन्ही एकाच दिवशी आले की त्रास नुसता बेरजेने वाढेल याचा भरवसा नसतो.

उन्हाचं अजून एक लफडं आहे. ओझोन धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही, गाड्या आणि कारखान्यांच्या वायूंवर कडक ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. म्हणून उष्णतेच्या लाटेत आकाश निळंशार दिसत असतं, धुरकं काहीच नाही, आणि तरी दुपारी छातीत आवळल्यासारखं होतं. दिसायला स्वच्छ म्हणजे हवा स्वच्छ, हे डोक्यातून काढून टाका.

आणि वादळ. 21 नोव्हेंबर 2016 ला ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये कडक उन्हाचा दिवस गेला आणि संध्याकाळी गडगडाटी वादळ आलं. राय गवताचे पराग ओले होऊन फुटले, आणि परागाचा अख्खा दाणा मोठा असल्यामुळे एरवी नाकातच अडकतो पण फुटल्यावर त्यातून शेकड्याने बारीक कण सुटतात ते सरळ फुफ्फुसात जातात. काही तासांत हजारो लोक दवाखान्यांत पोचले, 10 जणांचा जीव गेला. यातली लक्षात ठेवायची गोष्ट ही, की त्या दिवशी धाप लागलेल्यांत असे कितीतरी होते ज्यांना आधी दमा आहे असं कोणी सांगितलंच नव्हतं, फक्त नाक गळायचं, शिंका यायच्या. तेव्हा "मला काय, नुसती सर्दीची ॲलर्जी आहे" म्हणणाऱ्यांनी पण पुढचं वाचा.

सर्दी की ॲलर्जी की दमा

यावर जास्त वेळ घालवत नाही. ॲलर्जीत खाज असते, नाकाला, डोळ्यांना, टाळ्याला, पाणी पातळ येतं, ताप नसतो, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. साध्या सर्दीत अंग दुखतं, घसा धरतो, आठ-दहा दिवसांत उतरते. दम्यात घरघर, धाप, छातीत आवळणं, आणि विशेष म्हणजे रात्री किंवा पहाटे येणारा कोरडा खोकला. पुष्कळ लोकांना घरघर होतच नाही, नुसता खोकला असतो, आणि ते वर्षानुवर्षं कफ सिरप पीत बसतात. पहाटेच्या खोकल्याने झोपमोड होत असेल तर डॉक्टरांना सांगून स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकायची टेस्ट आहे, दुखत वगैरे काही नाही.

वही घाला, खरंच घाला

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे. साधी वही किंवा मोबाइलमधली नोट चालेल. दिवसाला एक ओळ लिहायची. तारीख, त्या दिवशीचा पीएम 2.5 चा (म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा) आकडा, दुपारचा ओझोन मिळत असेल तर तो, परागांचा अंदाज मिळत असेल तर तो, पाऊस, वारा की ओल, मग त्रास 0 ते 10 मध्ये किती, रात्री उठावं लागलं का, आराम देणारा पंप (धाप लागली की घ्यायचा इनहेलर) किती वेळा मारला. बस एवढंच.

एखादी ओळ कशी दिसेल तर अशी: "मंगळवार, पीएम 2.5 सकाळी 80, वारा नाही, नाक 3, छाती 5, पहाटे 4 ला उठलो, पंप 2 वेळा, काल संध्याकाळी मोठ्या रस्त्याने चालत आलो." ही एक ओळ एकटी काही सांगत नाही. पण दीड-दोन महिन्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या की चेहरा दिसायला लागतो. कोणाला धुराच्या दिवशी लगेच त्रास होतो, कोणाला एक-दोन दिवसांनी, कोणाला धुराचं काहीच नाही पण पाऊस थांबून दोन दिवस झाले की छाती धरते, म्हणजे बहुधा बुरशी. शेजारच्याला ज्याने होतं त्यानेच तुम्हाला होईल असं नाही, आणि म्हणूनच ऐकीव सल्ल्यापेक्षा ही वही भारी.

आता आकड्यांबद्दल. ॲपवर जो एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, दिसतो तो प्रत्येक देशाच्या आपापल्या सूत्राने काढलेला असतो, आणि दोन ॲप एकाच जागेचे दोन वेगळे आकडे दाखवतात त्याचं एक मोठं कारण हेच. रंग बघून गोंधळू नका, आत जाऊन एका घनमीटर हवेत पीएम 2.5 किती मायक्रोग्रॅम आहे तो आकडा बघा, तो सगळीकडे एकाच अर्थाचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 24 तासांच्या सरासरीसाठी 15 आणि वर्षाच्या सरासरीसाठी 5 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली, वर्षाची आधीची 10 होती. जगातले 99 टक्के लोक या मर्यादेपेक्षा वाईट हवेत राहतात असं त्यांचंच म्हणणं आहे, त्यामुळे 15 च्या खाली आलं की मगच बाहेर पडेन असं ठरवलंत तर घरातच म्हातारे व्हाल. वहीतून स्वतःचा आकडा शोधा, ज्याच्या वर गेलं की तुमची छाती बोलायला लागते. कोणाचा 40 असेल, कोणाचा 90. तो आकडा सापडला की अर्धं काम झालं.

पीक फ्लो मीटर म्हणून एक स्वस्तातलं फुंकायचं यंत्र असतं, दमा असेल तर ते घ्याच. तब्येत एकदम चांगली असताना दोनेक आठवडे रोज फुंकून जो सगळ्यात मोठा आकडा येईल तो तुमचा बेस्ट. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असाल तर ठीक, 50 ते 80 च्या मधे आलात तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणे औषध वाढवायचं, 50 च्या खाली म्हणजे आराम देणारा पंप लगेच घ्यायचा आणि दवाखाना गाठायचा. गंमत अशी की हा आकडा पुष्कळदा त्रास जाणवायच्या आधीच घसरतो. लोकांना त्रासाची इतकी सवय झालेली असते की निम्मी हवा जात असताना पण "बरा आहे की" म्हणतात.

औषध: पंपाबद्दलचे गैरसमज आणि खरी पद्धत

दम्याचे पंप मुख्यतः दोन कामांचे. एक आराम देणारा, साल्ब्युटामॉल वगैरे, काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो पण सूज तशीच ठेवतो. दुसरा सूज कमी करणारा, यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं, तो रोज घ्यायचा आणि परिणाम दिसायला काही दिवस ते आठवडे लागतात. काही पंपांत दोन्ही कामं एकत्र असतात. लोक काय करतात, आराम देणाऱ्यावर प्रेम करतात कारण लगेच बरं वाटतं, आणि रोजचा सोडून देतात कारण काही जाणवत नाही, वर स्टेरॉइड या शब्दाची भीती. प्रदूषणाच्या दिवसांत हेच महागात पडतं, कारण हवा जे करतेय ती सूजच आहे. जागतिक पातळीवर दम्याच्या उपचाराच्या गाइडलाइन काढणाऱ्या जीना या संस्थेने 2019 पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या झटपट आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, सोबत सूज कमी करणारं औषध पाहिजेच.

आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजा. वर्षात तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर ॲटॅकची शक्यता वाढलेली आहे, हे डॉक्टरांना आकड्यासकट सांगा.

आता पंप मारायचा कसा, कारण बरेच लोक चुकीचा मारतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवून घेतात. फवारा मारणाऱ्या पंपाला स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावा, मोठ्यांनी पण लावा, तो फक्त लहान मुलांसाठी असतो हा भ्रम आहे. ताठ बसा. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा, नवीन असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी एक-दोन फवारे हवेत सोडा. स्पेसरचं तोंड दातांमधे धरून ओठ घट्ट मिटा, त्याआधी छातीतली हवा हळू बाहेर सोडलेली पाहिजे. एकदाच दाबा, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, चार-पाच सेकंद घेत श्वास आत ओढा. स्पेसरमधून शिट्टी वाजली तर तुम्ही फार जोरात ओढताय. मग दहा सेकंद श्वास रोखा, जमेल तेवढा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. दोन पफ एकदम स्पेसरमधे सोडायचे नाहीत. स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. पावडरवाले पंप असतात त्यांचं उलटं, तिथे जोरात आणि खोल ओढायचं आणि हलवायचं नाही. दोन प्रकारचे पंप वापरणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. एकदा डॉक्टरांसमोर किंवा फार्मसिस्टसमोर स्वतः मारून दाखवा, "येतं मला" म्हणून सुटू नका.

नाकाच्या स्प्रेचं पण तसंच. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, आणि नळी मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने वळवायची. मधल्या पडद्यावर रोज मारलं तर रक्त येतं आणि मग लोक स्प्रेच बंद करतात. जोरात ओढायची गरज नाही, घशात उतरलं म्हणजे वाया गेलं. स्टेरॉइडचा स्प्रे पराग सुटायच्या साधारण दोन आठवडे आधी चालू केला तर जास्त चांगला लागू पडतो, आणि सीझन सरकलाय म्हणूनच वही पाहिजे, मागच्या वर्षी पहिली शिंक कधी आली ते त्यात सापडतं. नाक मोकळं करणारे थेंब मात्र, ते लगेच काम करतात ते, चार-पाच दिवसांच्या वर वापरू नका, नंतर नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही.

ॲलर्जीच्या गोळ्यांमधे जुन्या प्रकारच्या झोप आणतात, गाडी चालवणाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी त्या टाळाव्यात, लोराटाडीन किंवा फेक्सोफेनाडीनसारख्या नवीन प्रकारच्यांत झोप कमी येते. त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट करायची असेल तर या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, किती दिवस ते विचारून घ्या नाहीतर टेस्ट फुकट जाते. आणि गोळीने दमा बरा होत नाही, नाक बरं होतं. पेनकिलरबद्दल एक सावधगिरी: दमा असलेल्या काहींना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनने ॲटॅक येतो, तुम्हाला कधी असं झालं असेल तर प्रत्येक डॉक्टरला आठवणीने सांगा.

मीठ-पाण्याने नाक धुणं स्वस्त आणि चांगलं, धुराच्या दिवशी घरी आल्यावर फार बरं वाटतं. पाणी फक्त उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, नळाचं थेट नको. वाफेचं म्हणाल तर नाकाला दोन मिनिटं हलकं वाटतं, दम्याच्या नळ्यांना त्याचा उपयोग नाही आणि मुलं भाजतात ते वेगळंच.

बाहेर जायचं तर कधी आणि कसं

प्रत्येक गोष्टीची वेळ वेगळी आहे. थंडीच्या दिवसांत वारा पडलेला असेल तर धूर जमिनीलगत अडकून बसतो आणि पहाटे-सकाळी पीएम 2.5 वाढलेला असतो, म्हणजे फिरायला जायची जी "आरोग्यदायी" वेळ तीच वाईट. उन्हाळ्यात ओझोन दुपारी आणि दुपार कलताना जास्त, तेव्हा सकाळ बरी. गवताचे पराग ऊन चढताना सुटतात, संध्याकाळी हवा गार झाली की वर गेलेले परत खाली येतात. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी पराग जास्त, संततधार पाऊस पडून गेल्यावर कमी. मात्र परागांच्या सीझनमधे गडगडाटी वादळाची चाहूल लागली की आत जा, खिडक्या लावा आणि वादळ गेल्यावर पण थोडा वेळ थांबा, पहिल्या गार झोताबरोबरच ते फुटलेले पराग येतात.

व्यायाम बंद करू नका, दम्याला व्यायामाने फायदाच होतो. फक्त धावताना आपण बसलेल्या माणसापेक्षा कित्येक पट हवा आत घेतो आणि ती पण तोंडाने, नाकाची चाळणी बायपास करून. त्यामुळे तुमच्या आकड्याच्या वर हवा गेली असेल त्या दिवशी व्यायाम घरात करा किंवा धावण्याऐवजी चाला. रस्ता निवडताना मोठ्या रस्त्याऐवजी एक गल्ली आतून जा, नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळी मोठ्या रस्त्यापासून थोडं दूर गेलं की बऱ्यापैकी उतरते. सिग्नलला गाड्यांच्या मागे नाकासमोर सायलेन्सर घेऊन उभं राहायचं नाही, दोन पावलं मागे सरका. कारमध्ये असाल तर ट्रॅफिकमधे आतलीच हवा फिरवायचं बटण लावा, लांबच्या प्रवासात मात्र मधेमधे बाहेरची हवा घ्या, नाहीतर जडपणा येतो, झोप येते.

मास्क: कापडी आणि सर्जिकल धुरासाठी जवळपास निरुपयोगी. एन 95 किंवा त्याच्या तोडीचा पाहिजे, जो बारीक कण निदान 95 टक्के अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर बसत नाही, हे दाढीवाल्यांना आवडत नाही पण खरं आहे. लावून जोरात श्वास सोडा, चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतंय, नाकावरची पट्टी दाबा. आणि मास्क कण अडवतो, ओझोनसारखे वायू नाही. म्हणून ओझोनच्या दिवशी मास्क लावून दुपारी धावायला जाण्यात अर्थ नाही. मास्कमधे जास्तच धाप लागत असेल तर ओढूनताणून लावू नका.

घरी आल्यावर कपडे बदला, केस धुवा किंवा निदान तोंड-हात धुवा. बाहेरचे कपडे घालून अंथरुणावर लोळणं म्हणजे दिवसभराचे पराग रात्रभर उशाशी घेणं.

घरातली हवा

लोक बाहेरच्या धुराला शिव्या देतात आणि घरात डासांची कॉइल लावून झोपतात. कॉइल, सुगंधी मेणबत्त्या, रूम फ्रेशनर, सिगारेट, यातलं काहीही दमा असलेल्याच्या खोलीत नको, आणि सिगारेट बाल्कनीत ओढली तरी ती घरात येतेच. गॅसच्या शेगडीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तळणं-परतण्यातून बारीक कण, त्यामुळे एक्झॉस्ट लावून, खिडकी उघडून स्वयंपाक, मग बाहेरची हवा थोडी वाईट असली तरी. एरवी खिडक्या कायम बंद ठेवणं हा पण उपाय नाही, ओल आणि बुरशी वाढते. दिवसातला जो त्यातल्या त्यात चांगला तास असेल तो आकडा बघून काढा आणि तेव्हा घर मोकळं करा.

एअर प्युरिफायर घ्यायचा का? परवडत असेल आणि झोपायच्या खोलीत लावणार असाल तर हो. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के पकडतो, पण जाहिरातीत नुसतं हेपा बघू नका, सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं तो आकडा. साधा हिशोब असा, खोली जेवढी चौरस फूट त्याच्या दोन तृतीयांश तरी सीएफएममधला (मिनिटाला घनफूट) सीएडीआर हवा, म्हणजे 150 चौरस फुटाच्या खोलीला निदान 100, आणि धुराचा त्रास मोठा असेल तर थेट 150. बऱ्याच डब्यांवर आकडा ताशी घनमीटरमधे असतो, त्याला 1.7 ने भागलं की सीएफएम मिळतो. हा आकडा पंखा फुल स्पीडवर असतानाचा असतो, "सायलेंट मोड"वर तो पुष्कळ खाली येतो, म्हणून जरा मोठा घेऊन मधल्या स्पीडवर चालवा. ओझोन सोडणारी यंत्रं "ताजी हवा" म्हणून विकतात, ती तर दारात पण आणू नका, बाहेरच्या ज्या गोष्टीने छाती आवळते तीच पैसे देऊन घरात कशाला घ्यायची. फिल्टर बदलायचा खर्च आधी विचारून घ्या, नंतर लोक वर्षानुवर्षं काळा पडलेला फिल्टर चालवतात.

घरातल्या धुळीतले किडे, माइट्स, यांना ओल आवडते. हवेतली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा, छोटा आर्द्रता मोजायचा मीटर मिळतो. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला एकदा 60 डिग्रीच्या पाण्यात धुवा, कोमट पाण्याने माइट्स मरत नाहीत. झाडताना धूळ उडते म्हणून ओल्या फडक्याने पुसणं बरं.

पूर किंवा अतिवृष्टीचं पाणी घरात आलं असेल तर घड्याळ लावल्यासारखं वागा, 24 ते 48 तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते. भिजलेल्या गाद्या, उशा, कार्पेट यांचा मोह सोडा, वाळवून वास गेला तरी आत बुरशी राहते. बुरशी पुसताना एन 95 आणि हातमोजे घाला, ब्लीच वापरत असाल तर त्यात दुसरं कोणतंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये, दुसऱ्याला सांगा आणि तेवढा वेळ घराबाहेर जा. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त भिंत काळी झाली असेल तर त्यातल्या माहितगार माणसाला बोलवा. आणि गळती बंद न करता नुसता रंग मारला तर काही महिन्यांत परत तेच.

अंगावर बेतलं तर

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली किंवा गळ्याजवळची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, किंवा पंप घेऊन पण आराम पडत नाही, यातलं काहीही म्हणजे इमर्जन्सी. माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. आराम देणारा पंप स्पेसरमधून एक पफ, त्यावर चार श्वास, असे एकूण चार पफ द्या. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर परत चार आणि अँब्युलन्स बोलवा, ती येईपर्यंत हेच चालू ठेवा. वर सांगितलेल्यापैकी ओठ निळे किंवा बोलता येत नाही असं असेल तर थांबत बसू नका, आधी अँब्युलन्स. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा प्लॅन लिहून दिला असेल तर तोच पाळा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 96 दिसतोय म्हणून निवांत राहू नका, दम्यात तो आकडा उशिरा पडतो. आणि घरघर एकदम थांबली पण माणूस थकून गप्प झालाय, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका, आत हवाच जात नाहीये असं असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात 26 कोटी 20 लाख लोकांना दमा होता आणि 4 लाख 55 हजार लोक त्याने गेले. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी 9 वर्षांची एक मुलगी 2013 मध्ये दम्याच्या ॲटॅकने गेली, आणि डिसेंबर 2020 मध्ये कोरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) तिच्या मृत्यूच्या कारणात हवेचं प्रदूषण नोंदवलं, ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात आणि त्यांचं नाक सायलेन्सरच्या उंचीच्या जवळ असतं. म्हणून मूल असेल तर लिहिलेल्या प्लॅनची एक कॉपी आणि एक पंप-स्पेसर शाळेत असू द्या, दप्तरात तळाशी नको, जिथे शिक्षकांना लगेच मिळेल तिथे.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी. पंप उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, बहुतेक पंप 30 डिग्रीच्या खाली ठेवायचे असतात आणि फवाऱ्याचा डबा जास्त तापला तर फुटू पण शकतो. डोस काउंटर नसलेला डबा हलवून किती उरलंय ते कळत नाही, औषध संपल्यावर पण आतला वायू फुसफुसत राहतो, त्यामुळे चालू केल्याची तारीख डब्यावर लिहा. ॲलर्जीची इंजेक्शनं किंवा जिभेखालच्या गोळ्या तीन ते पाच वर्षं चालतात आणि योग्य माणसाला छान लागू पडतात, पण दमा आटोक्यात नसताना ती चालू करत नाहीत, आधी दमा ताळ्यावर आणा. आणि बहुतेक फवाऱ्याच्या पंपांतला वायू स्वतःच पृथ्वी तापवणारा आहे, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त, हे वाचून कोणी पंप बंद करू नका, जमत असेल तर डॉक्टरांना पावडरवाल्या पंपाबद्दल विचारा. लहान मुलांना आणि ज्यांना जोरात ओढता येत नाही त्यांना तो जमत नाही, त्यांचा फवाराच बरा.